अब्दुल्ला अल-फरज : मुंबईत घडलेला कुवेतचा गायक

कुवेत आणि बहरीनमध्ये 'सौत' नावाचा एक गायनप्रकार आहे. हिंदीतील सवतीशी त्याचा काही संबंध नाही. अरबी भाषेत सौत म्हणजे आवाज, स्वर. कुवेती परंपरा ज्यांना या गायनाचे जनक मानते, ते अब्दुल्ला अल-फरज (१८३६–१९०१) कवी होते, स्वररचनाकार होते आणि ऊद हे वाद्य वाजवून स्वतःची गीते स्वतः गात असत. त्यांच्या घडणीची वर्षे गेली ती मुंबईत. मुंबईचा इतिहास सांगताना आपण त्यांचे नाव सहसा घेत नाही, म्हणून आजचा हा धागा.

आधी वाद्याविषयी. आम्हा संभाजीनगरकरांना 'ऊद' म्हटले की खुलताबादच्या दर्ग्यांतील धुराचा सुगंध आठवतो. मूळ अरबी शब्द तोच आणि त्याचा अर्थ 'लाकूड'. जळणारे सुगंधी लाकूडही ऊद आणि लाकडी तंतुवाद्यही ऊद. या वाद्याचे पोट अर्ध्या कापलेल्या नाशपतीसारखे, मान आखूड आणि मानेवर पडदे नाहीत. सतारीला पडदे असतात, सरोदाला नसतात. त्या बाबतीत ऊद सरोदाच्या बाजूला बसतो. पडदे नसल्यामुळे दोन स्वरांमधल्या जागाही वादकाच्या बोटाखाली राहतात आणि अरबी गायनाला त्या जागांची फार गरज असते.

अल-फरज यांचा जन्म कुवेतमधील एका सधन व्यापारी घराण्यात झाला. वडिलांचा व्यापार मुंबईशी जोडलेला असल्याने मुलगा या शहरात वाढला, येथील भाषा शिकला आणि संगीतही शिकला. कुवेतचा व्यापारी मुंबईत काय करत होता, असा प्रश्न आज पडू शकतो. त्या काळी तो कोणालाच पडला नसता. कुवेतची मोठी शिडाची जहाजे बसरा परिसरातील खजूर भरून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि परतताना मलबारचे सागवान नेत. त्याच सागवानातून पुढची जहाजे बांधली जात. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. अरबी घोड्यांचे तांडे याच बंदरात उतरत. १८६२ पासून मुंबई आणि आखाती बंदरे यांच्यात टपालाच्या आगबोटीही सुरू झाल्या. कुवेतच्या बाजारात तर १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता.

मराठवाड्यातील वाचकाला अरब माणूस आठवतो तो निराळ्या वेषात. १८०३ मध्ये अहमदनगरच्या पेठेत वेलस्लीच्या फौजेला अडवणारे अरब, निजामाच्या पदरी असलेल्या अरब पलटणी, हैदराबादच्या बारकस वस्तीतील हद्रमौती कुटुंबे : आपल्या इतिहासातला अरब बहुधा जंबिया कमरेला लावून येतो. मुंबईतला अरब मात्र हिशेबाची वही घेऊन आला, आणि निदान एकाच्या बाबतीत ऊद घेऊन. या दुसऱ्या अरबाकडे आपले दुर्लक्ष झाले, कारण मुंबईचा इतिहास आपण घाटाकडे तोंड करून लिहितो. कोकणातून आलेला गिरणी कामगार दिसतो, कापसाची तेजी दिसते, १८६५ ची आपटी दिसते. समुद्राच्या बाजूने शहरात कोण येत होते, याची चौकशी कमी होते.

आता वादाचा मुद्दा. अल-फरज यांच्याविषयी वाचले की आपल्याकडच्या उत्साही मंडळींचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : म्हणजे आखाताचे संगीत मुळात आपलेच! काही जण तर भेंडीबाजार घराण्याचे नाव पुढे करतात. कालक्रम पाहिला तर हे टिकत नाही. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद मुंबईत नावारूपाला आले ते १८९० च्या आसपास. तोवर अल-फरज यांचे मुंबईपर्व कधीच संपले होते. शिवाय सौत ऐकताना जे कानांवर येते ते रागविस्तार नव्हे. त्यातील काव्य अरबी असते, आणि त्यात येमेनच्या हुमैनी काव्याचा वाटा मोठा आहे.

मग हिंदुस्थानी संगीताचा परिणाम शून्य का? तसेही नाही. अल-फरज यांनी हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास केला होता, हे कुवेती परंपरा स्वतःच अभिमानाने सांगते. पण मला दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. येमेनचे एडन बंदर इंग्रजांनी १८३९ मध्ये जिंकले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालत असे. आखातातील इंग्रज रेसिडेन्सीसुद्धा १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. म्हणजे येमेनचा गायक आणि कुवेतचा व्यापारीपुत्र, ज्यांच्या मायभूमींमध्ये अफाट वाळवंट पसरले होते, ते मुंबईच्या एकाच मोहल्ल्यात एकमेकांचे शेजारी होऊ शकत होते. मुंबईने अल-फरज यांना हिंदुस्थानी संगीत दिले हे खरेच. पण त्याहून मोठे देणे असे की मुंबईने अरबांना एकमेकांच्या जवळ आणले. सौत येमेनी की कुवेती, की हिंदी, या भांडणात बंदराचा विचार कोणी करत नाही.

वडिलांच्या पश्चात आलेली संपत्ती अल-फरज यांनी गाण्याच्या मैफलींत आणि मित्रमंडळींत उधळली, आणि हात रिकामे झाल्यावर ते कुवेतला परतले. ही कथा ऐकताना आपल्याकडच्या कित्येक शौकीन इनामदारांची आठवण व्हावी. फरक एवढाच की इनामदार दाद देऊन दौलत घालवत. हे गृहस्थ स्वतः कलावंत होते. परतताना तिजोरी रिती होती, पण स्वररचना सोबत होत्या. कुवेतमध्ये त्यांनी गाण्याला शिस्त दिली आणि शिष्य तयार केले. काव्य त्यांनी अभिजात अरबीतही केले आणि 'नबती' या लोकभाषेतील परंपरेतही. कवी म्हणून त्यांची कीर्ती आज मुख्यत्वे नबती रचनांवर उभी आहे.

सौतची मैफल रात्रीची. ऊद वाजवणारा गायक मध्यभागी, जोडीला 'मिरवास' नावाचे तळहातावर मावेल असे दुतोंडी छोटे ढोलके, भोवती बसलेल्यांच्या गुंतागुंतीच्या टाळ्या आणि मधूनच उठून 'झफान' हे नृत्य करणारे दोघे. या टाळ्यांना केवळ साथ म्हणू नये. लयीचा अर्धा भार त्या उचलतात. सहा मात्रांचा 'अरबी' सौत आणि चार मात्रांचा 'शामी' सौत, असे दोन मुख्य भेद आहेत. मोत्यांच्या जहाजांवर खलाशांसाठी गाणाऱ्या 'नह्हाम'ची गाणी निराळी. ती कष्टाची गाणी. सौत ही शहरातील दिवाणखान्याची कला.

अल-फरज यांचा आवाज मात्र आपण कधीच ऐकू शकणार नाही. १९०१ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. आखाती गायकांच्या तबकड्या यायला तर १९२० च्या दशकाची अखेर उजाडली. त्यामुळे 'अल-फरज यांची चाल' म्हणून आज जे गायले जाते, ते शिष्य-प्रशिष्यांच्या कंठातून आलेले आहे. ज्यांना त्यात अमुक राग स्पष्ट ऐकू येतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुंबईशी असलेला धागा त्यांच्यानंतरही तुटला नाही. बहरीनच्या राजघराण्यातील मुहम्मद बिन फारिस (१८९५–१९४७) हे सौतचे सर्वांत नावाजलेले गायक. त्यांना घडवणारे अब्दुल रहीम अल-असीरी हे अरब गवई मुंबईत राहिलेले होते. पुढे जपानच्या कृत्रिम मोत्यांनी १९३० च्या दशकात आखाताचा मोतीव्यापार मोडीत काढला आणि मुंबईच्या फेऱ्या विरळ होत गेल्या.

अल-फरज यांच्या कविता गोळा करून त्यांचा दिवाण सिद्ध केला तो त्यांच्याच घराण्यातील खालिद अल-फरज (१८९८–१९५४) या कवीने. त्यानेही तरुणपणी मुंबईचीच वाट धरली आणि येथे स्वतःचा अरबी छापखाना काढला.