दुधाची सुट्टी आणि मंचरचं मोझरेला

चाकणजवळच्या आमच्या महाळुंगे इंगळे गावात आता दूध पिशवीतून येतं. 1999 साली बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग एमआयडीसी पसरली, रानं गेली आणि गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्याआधी मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट काढायची, वहीत लिटर मांडायचे आणि कॅन भरून गाडीची वाट बघायची. त्यामुळे चीजचा इतिहासही मला कॅनच्या बाजूनं दिसतो. आपल्या भागात चीज आलं ते दूध शिल्लक राहायला लागलं म्हणून; पिझ्झा खाणारं गिऱ्हाईक नंतर आलं.

जुन्या काळी दूध शिल्लक राहतच नसे. गाय पाळायची ती खोंडासाठी. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात भाव व्हायचा तो बैलाचा. घरात दूध म्हशीचं, तेही चहा आणि ताकापुरतं. मग मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी केली, कृत्रिम रेतन गोठ्यापर्यंत पोचलं. 1970 साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली. जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित कालवडी खेड-आंबेगाव तालुक्यांतल्या दावणीला दिसू लागल्या. तांब्याभर दूध देणाऱ्या गाईच्या जागी बादली भरणारी गाय आली आणि घरातल्या बायकांच्या हातात दर दहा दिवसांनी रोख पैसा पडू लागला.

या भरभराटीतच अडचण होती. पावसाळा संपून हिरवा चारा मुबलक झाला की पुष्टकाळ लागतो. त्या महिन्यांत दूध इतकं यायचं की डेअऱ्यांना ते जिरवता येत नसे. भुकटी करायची यंत्रं अपुरी, शहराची गरज ठरलेली. मग आठवड्यातून एक दिवस संकलन बंद ठेवायचे. त्याला नाव होतं दूध सुट्टी. गाईच्या सडाला कसली सुट्टी? लोक दही लावायचे, खवा आटवायचे, शेजारी वाटायचे, उरलेलं वासरांना पाजायचे. सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या दूध घेतले जाणार नाही’ असं खडूनं लिहायचं काम माझ्याकडे असे.

1991 साली दुग्धव्यवसायावरचा परवान्याचा पहारा सैल झाला. 1992 साली दूध व दुग्धजन्य पदार्थांचा नवा आदेश निघाला. त्याच 1992 साली, चाकणहून नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर ओलांडलं की लागणाऱ्या मंचरला देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क फूड्स सुरू केली. दूध सुट्टीत नाकारलं जाणारं शेतकऱ्यांचं दूध हीच या धंद्याची सुरुवात. आधी टिकाऊ माल निघाला. ‘गोवर्धन’ तूप घरोघरी गेलं. 1996 साली डोमिनोज, पिझ्झा हट आणि मॅकडोनाल्ड्स ही तिन्ही दुकानं भारतात उघडली आणि मोझरेलाला गिऱ्हाईक तयार झालं. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मंचरचं चीज ‘गो’ या नावानं बाजारात आलं. घरच्यांनी चालवलेली ही कंपनी 2016 साली शेअर बाजारात गेली. तिचा माल परदेशातही जातो.

एका हंगामात दूध उतू जाण्याची ही अडचण भूमध्य समुद्राकाठच्या मेंढपाळांनाही होती. तिथं हिवाळ्यात पाऊस, वसंतात चारा, उन्हाळ्यात सगळं वाळलेलं. चार महिन्यांचं दूध वर्षभर पुरवायचं तर ते घट्ट करून मिठाच्या पाण्यात ठेवणं भाग होतं. ग्रीसचं फेटा आणि सायप्रसचं हालुमी यांतूनच आलं. फेटाचं नाव युरोपीय महासंघानं 2002 साली ग्रीसपुरतं राखून दिलं, हालुमीला ते संरक्षण 2021 साली मिळालं. दोन्हींत मेंढी-शेळीचं दूध असतं. आपल्याकडे धनगर वाड्यावस्त्यांवरून कळप नेतात, पण शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतो ती लेंडीखतासाठी. मेंढीचं दूध डेअरीत कधी आलं नाही. म्हणून आपल्या वाट्याला आलं ते मोझरेला. तेही इटलीतल्या कांपानियाचं म्हशीच्या दुधाचं ओलं मोझरेला नव्हे, पिझ्झ्यासाठीचं कमी ओलाव्याचं.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. दूध पाश्चराइज करून त्यात विरजण घालतात, मग ते गोठवणारं रेनेट. जुनं रेनेट वासराच्या जठरातून काढत; इथलं चीज शाकाहारी, त्यामुळे बुरशीपासून तयार केलेलं वापरतात. घट्ट झालेलं दूध कापून निवळी काढायची. उरलेला चोथा पुरता आंबला की गरम पाण्यात पुरणपोळीच्या कणकेसारखा मळून ताणायचा, साच्यात घालायचा आणि मिठाच्या पाण्यात सोडायचा. दहा लिटर दुधाला साधारण एक किलो चीज पडतं. बाकी बहुतेक सगळी निवळी. पूर्वी ती सांडपाण्यात जायची. आता तिच्यातलं प्रथिन वेगळं काढून भुकटी करतात, आणि चाकणच्या कंपन्यांत काम करणारी पोरं तीच भुकटी व्यायामशाळेत घोळून पितात.

दूध सुट्टी गेली, हे चीजचं, तुपाचं आणि भुकटीचं मोठंच काम. दुधाला घर मिळालं. दराचं मात्र तसं झालं नाही. जुलै 2018 मध्ये भुकटीचे भाव पडले तेव्हा शेतकऱ्यांनी लिटरमागे पाच रुपये अनुदानासाठी टँकर अडवले. गाईच्या दुधाचा दर आजही साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या (फॅट सोडून उरणाऱ्या घन घटकांच्या) हिशेबावर ठरतो. दुधापासून पुढं काय झालं, तूप की चीज की प्रथिनाची भुकटी, याचा त्या आकड्यात कुठं पत्ता नाही. उसाला 2009 पासून एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आहे आणि साखरेच्या उत्पन्नात वाटा देण्याचं तत्त्वही कागदावर आलं. दुधालाही हमीचा दर आणि पक्क्या मालात वाटा हवा, ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. महाळुंग्यातले गोठे जमिनीच्या भावानं मोडले. आंबेगाव-खेडमधले उरलेले गोठे दुधाच्या भावानं मोडू नयेत, एवढं तरी सरकारनं आणि डेअऱ्यांनी बघावं.