चाक कुणाचं?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नागावच्या वाड्यांमध्ये एके काळी पहाट व्हायची ती रहाटाच्या कुरकुरीने. विजेचे पंप आले आणि नारळी-पोफळीला पाणी देणारे ते लाकडी रहाट हळूहळू थांबले. काही विहिरींवर नुसते सांगाडे उरले. त्यातला एक पुन्हा फिरता करावा म्हणून आम्ही चौघे-पाचजण एकदा जमलो. शेजारच्या वाडीत एक जुने चाक मिळाले. मापाला तेवढेच, लाकूडही तसेच. बसवून पाहिले तर दात्यांत दाते बसेनात. आमचे म्हातारे सुतारकाका हसून म्हणाले, "चाक गोल असलं म्हणजे झालं का रे? ते कुणाचं, हे आधी विचारावं."

हे वाक्य मला पुढे आठवले ते नगरला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, अमेरिकी शर्मन, इतकेच काय जपानी रणगाडेही तिथे पाहायला मिळतात. पाहणाऱ्याची नजर आधी तोफेवर जाते. पण रणगाड्याची ओळख पटवायची असेल तर खाली वाकून चाके पाहावीत.

शर्मनचेच पाहा. त्याला दोन्ही बाजूंना सहा-सहा चाके, आणि ती दोन-दोनच्या जोडीने एकेका बोगीत बसवलेली. पट्टा ओढणारे दातेरी चाक पुढे. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याला मात्र ते मागे. सुमारे ५० हजार शर्मन बनले. ते बनवणाऱ्या कारखान्यांत कुणी एरवी रेल्वेची इंजिने घडवणारा, तर कुणी मोटारी. त्यामुळे एकाच मापाची चाके वेगवेगळ्या रूपांत निघाली. काहींना आरे, काही पत्र्याच्या तबकडीसारखी भरीव. रूप वेगळे असले तरी ती एकमेकांच्या जागी चालत. बोगी तर कवचाच्या बाहेरून बोल्टांनी जोडलेली. सुरुंगाने उडाली तर ती सोडायची आणि दुसरी लावायची. युद्धाच्या शेवटी शेवटी मात्र शर्मनला नवी बोगी आली. पट्टा रुंद झाला, चाके दुहेरी झाली. तिची चाके जुन्या बोगीला चालत नाहीत. नाव एकच, चाक मात्र परके!

पायदळाच्या पलटणींकडे 'युनिव्हर्सल कॅरियर' नावाची लहान, उघडी पट्ट्याची गाडी असे. अशा एक लाखाहून अधिक गाड्या ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत बनल्या. आपल्या याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्या लढाईत हिंदी पलटणींबरोबर हे कॅरियर होते. त्याला प्रत्येक बाजूस तीनच चाके असतात, पुढे दोनाची जोडी आणि मागे एक. चार दिसली तर गाडी अमेरिकी टी-१६ किंवा ब्रिटिश लॉईड असण्याचा संभव. कॅरियरचे सुकाणू थोडे वळवले की पुढची जोडी आडवी सरकते आणि पट्टाच वाकतो. तेव्हा इथे चाक सैल बसले तर गाडी नुसती खडखडत नाही, वळायचीच बिघडते.

आता प्रश्न येतो चाक बदलण्याचा. चाकावर ओतीव अक्षरे असतात. कारखान्याची खूण असते, सुट्या भागाचा क्रमांक असतो. गंज काढायच्या उत्साहात लोक घासयंत्र फिरवतात आणि चाकाचा जन्मदाखलाच पुसून टाकतात. तिथे तारेचा ब्रश आणि सबुरी हवी. मग माप घ्यायचे ते व्यासाचे, रुंदीचे, बोल्टांच्या भोकांचे आणि बेअरिंगचे. धावेवरचे भरीव रबर पोलादापासून सुटू लागले आहे का, तेही पाहायचे.

बोल्टाची तर वेगळीच गंमत. अर्धा इंची ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टाला एका इंचात १२ आटे असतात, त्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टाला १३. आट्यांचा कोनही निराळा, ब्रिटिशांचा ५५ अंशांचा, अमेरिकनांचा ६०. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की दोन्हींचे आटे गेले. दोस्त राष्ट्रांनी सारे युद्ध या भानगडीत काढले. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचे एकच प्रमाण मान्य केले ते नोव्हेंबर १९४८ मध्ये, युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी!

आणि समजा, सारे जुळले. तरी चाक बदलावे का? युद्धकाळातली छायाचित्रे पाहिली तर एकाच शर्मनला आऱ्यांची आणि भरीव अशी मिसळीची चाके दिसतात. कुठेतरी रणभूमीवर, हाताला मिळेल ते चाक लावून, कुणीतरी तो पुन्हा चालता केला होता. ती मिसळ हा दोष नव्हे, तो इतिहास आहे. शोभेसाठी सगळी चाके एकसारखी करून टाकली तर रणगाडा देखणा होईल, पण त्या जवानांची मेहनत आपण मिटवून टाकलेली असेल.

याच नगरच्या केंद्रात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन 'फामागुस्ता' दुरुस्त करून जपला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांनी याच रणगाड्यातून लढता लढता प्राण दिले. अशा रणगाड्याचे एकेक चाक म्हणजे साक्षीदार. साक्षीदार थकला म्हणून त्याला भंगारात घालत नाहीत. बदलणे भागच असेल तर नव्या चाकावर बदलल्याचे साल ठोकावे, नोंदवहीत लिहावे आणि जुने चाक चिठ्ठी बांधून जपावे. पुढच्या पिढीला कळायला हवे की कोणते मूळचे आणि कोणते आपण घातलेले.

आमच्या रहाटाला सुतारकाकांनी अखेर नवे चाक घडवून दिले. आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पटाशीने साल कोरले. "आम्ही फसवलं असं कुणी म्हणायला नको," इतकेच ते म्हणाले. जुने चाक अजून पडवीत टेकून ठेवलेले आहे. खाऱ्या वाऱ्याने ते थोडे थोडे झिजते आहे, पण ते कुणाचे होते, ते आम्ही त्याच्यावर लिहून ठेवले आहे.