हवेची स्प्रिंग आणि पोलादाची स्प्रिंग

बॉइलचा नियम शिकवताना आपण फळ्यावर 'दाब गुणिले आकारमान बरोबर स्थिरांक' असे लिहितो आणि लगेच उदाहरणे सोडवायला घेतो. रॉबर्ट बॉइलने १६६० साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर स्थिरांक नव्हता, स्प्रिंग होती. पुस्तकाच्या लांबलचक नावातच 'हवेची स्प्रिंग' असे शब्द आहेत. लोकरीचा पुंजका मुठीत दाबला तर तो जसा हाताला उलट रेटतो, तशी कोंडलेली हवा रेटते, असे त्याने लिहिले. ज्याला आपण बॉइलचा नियम म्हणतो तो दोन वर्षांनी, १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला.

बॉइलच्या प्रयोगांचा हवापंप रॉबर्ट हूकने बांधला होता. याच हूकने पुढे तारेच्या वेटोळ्याला पारडे टांगले, त्यात वजने टाकली आणि वेटोळे किती लांबते ते मोजले. निष्कर्ष त्याने १६७६ मध्ये अक्षरांचे कोडे करून छापला आणि १६७८ मध्ये उकलून सांगितला: जेवढे बल, तेवढा ताण. म्हणजे हवेची स्प्रिंग आणि धातूची स्प्रिंग या दोघींचा अभ्यास जवळजवळ एकाच हातून सुरू झाला. या दोघींची खरी झुंज लागली ती सुमारे तीनशे वर्षांनी, मोटारीच्या चाकाजवळ.

मोटार आली तेव्हा तिने सस्पेन्शन घोडागाडीकडूनच उसने घेतले, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेले कमानपाटे. कमानपाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो आणि चाकाचा आस जागच्या जागी धरूनही ठेवतो. वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगला हे दुसरे काम जमत नाही. ती वरखाली होते, पण आस पुढेमागे सरकू लागला तर त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी वेगळे दांडे लागतात. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास जनरल मोटर्सने पुढच्या चाकांसाठी असे दांडे आणि कॉइल स्प्रिंगा देण्यास सुरुवात केली. त्यामागे कॅडिलॅकमधील मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याचे काम होते. हा माणूस आधी रोल्स-रॉइसमध्ये होता. गाडीवर इकडेतिकडे हलवता येतील अशी वजने लादून, स्वतः आत बसून, कोणती हेलकाव्याची चाल सुखाची वाटते हे त्याने तपासले. सुखाची मोजणी अशीही करता येते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

साधारणपणे सेकंदाला एक ते दीड दोलन ही चाल माणसाला मानवते. आता वर्गात करण्यासारखे एक छोटे गणित पाहू. स्प्रिंगवर वजन ठेवल्यावर ती जेवढी दबते, त्यावरून तिच्या दोलनाची वारंवारता ठरते. सेकंदाला बरोबर एक दोलन हवे असेल तर स्प्रिंग गाडीच्या वजनाने २५ सेंटीमीटर दबलेली असली पाहिजे. वजन किती आहे याने फरक पडत नाही, किती दबली एवढेच महत्त्वाचे. अडचण इथेच सुरू होते. मऊ स्प्रिंग म्हणजे जास्त दबणारी स्प्रिंग. मग चार माणसे आणि सामान चढले की गाडी आणखी खाली बसते. कडक स्प्रिंग घेतली तर गाडी बसत नाही, पण रिकामी असताना हाडे खिळखिळी करते.

हवेच्या स्प्रिंगला या कोंडीतून वाट सापडते. रबरी पिशवीत हवा कोंडून तिच्यावर गाडी ठेवायची. आसाला एक लहान दांडा जोडून तो एका झडपेला लावायचा. गाडी खाली बसली की झडप उघडून पिशवीत हवा वाढते, वर उचलली गेली की थोडी हवा बाहेर सोडली जाते. खड्ड्यागणिक झडप उघडझाप करू नये म्हणून तिची हालचाल मुद्दाम काही सेकंद रेंगाळती ठेवतात. अशा रीतीने पिशवीचे आकारमान कायम राहते आणि दाब वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेच्या स्प्रिंगचा कडकपणा दाबाच्या प्रमाणात असतो (वातावरणाचा दाब धरून एकूण दाब). वजन दीडपट झाले की कडकपणाही जवळजवळ दीडपट होतो. दोलनाची वारंवारता या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरत असल्याने गाडी रिकामी असो की भरलेली, उंची तीच आणि हेलकावाही जवळजवळ तोच. पोलादी स्प्रिंगला हे साधत नाही, कारण तिचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरला तो ठरला.

कल्पना जुनी होती. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज याला 'वाहनांसाठी हवेची स्प्रिंग' या नावाचे पेटंट १९०१ सालीच मिळाले होते. नव्हते ते टिकाऊ रबर. ते फायरस्टोन कंपनीच्या कामातून आले आणि १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या बसगाड्यांखाली हवेच्या स्प्रिंगा बसल्या. तिथे त्या बसल्या त्या कायमच्या.

बसमध्ये जमले, मग मोटारीत का नको? १९५७ साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रोम ही गाडी काढली. किंमत १३,०७४ डॉलर, म्हणजे त्या वर्षीच्या साध्या शेव्रोलेच्या पाच पटींहून अधिक. चारी चाकांवर हवेच्या स्प्रिंगा होत्या. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांवरही जादा पैसे भरून ही सोय मिळू लागली. शेव्रोलेने तिला 'लेव्हल एअर' असे नाव दिले. फोर्डही मागे राहिली नाही. १९५८ च्या जाहिराती वाचल्या तर पोलादी स्प्रिंगचे दिवस भरले असेच वाटावे.

नंतर आला हिवाळा. रात्री अंगणात नीट उभी केलेली गाडी सकाळी पोट टेकून बसलेली, अशा तक्रारी सुरू झाल्या. यात गूढ काही नाही. संध्याकाळी २० अंश सेल्सिअस असलेले तापमान पहाटे उणे १० झाले, तर कोंडलेल्या हवेचे आकारमान तेवढ्यानेच सुमारे दहा टक्के घटते. इंजिन बंद असल्याने भर घालणारे कोणी नाही. त्यात एखाद्या जोडातून किंवा झडपेतून थोडी गळती असली की रात्रभरात उरलेले काम होते. शिवाय हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते, ते पाणी झडपांत जाते आणि थंडीत गोठते. रस्त्यावरची धूळ आणि बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ यांनी बाकीची कसर भरून काढली. निर्वात पंपांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या आमच्यासारख्यांना याचे नवल वाटत नाही. वायू कोंडणे सोपे, कोंडलेला ठेवणे कठीण. आमच्या प्रयोगशाळेत तर एक रबरी कडे सबंध आठवडा खाऊ शकते!

दोन-तीन वर्षांत बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी ही सोय यादीतून काढून टाकली. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांतील अनेकांनी हवेच्या पिशव्या काढून तिथे कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. एल्डोराडो ब्रोमसारख्या महागड्या गाडीचेही हेच झाले. हे इतक्या सहज कसे जमले? १९५८ च्या शेव्रोलेने मागच्या चाकांवरचे कमानपाटे काढून प्रथमच चारी बाजूंना कॉइल स्प्रिंगा घेतल्या होत्या. म्हणजे आस धरून ठेवणारे दांडे गाडीत आधीच होते. आता वजन पेलण्यापुरती जागा उरली होती, आणि त्या जागेत हवा बसवा किंवा पोलाद बसवा. कमानपाट्याच्या जागी ही अदलाबदल अशी होत नाही.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण नेहमी पायऱ्या चढत गेल्यासारखा सांगतो. इथे एक पायरी उतरावी लागली, आणि उतरणाऱ्यांचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. रोज सकाळी उभी राहणारी गाडी ही रोज सकाळी कदाचित उभी राहील अशा गाडीपेक्षा केव्हाही बरी. पण या बदलाची किंमत काय, तेही मोजले पाहिजे. ते सहसा कोणी मोजत नाही.

समजा, एका गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर रिकामेपणी ९०० किलो वजन येते आणि सेकंदाला १.२ दोलने होतील अशा कॉइल स्प्रिंगा आपण बसवल्या. वरच्याच नियमाने त्या १७ सेंटीमीटर दबतील. आता मागे ३०० किलो माणसे आणि सामान चढले. वजन एक तृतीयांशाने वाढले, म्हणून स्प्रिंग आणखी सुमारे ६ सेंटीमीटर दबेल. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.८ मीटर असेल, तर गाडीचे नाक एका अंशाहून थोडे अधिक वर उचलले जाईल. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण ५० मीटरवर गाडीच्या दिव्याचा झोत सुमारे एक मीटर वर जातो, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. हे टाळायचे म्हणून स्प्रिंगा भरल्या गाडीच्या हिशोबाने निवडल्या, तर रिकामी गाडी सेकंदाला १.४ दोलनांच्या चालीने हादरते. स्प्रिंग बदलली की दोलने विझवणारे शॉक ॲब्सॉर्बरही तिला जुळते घ्यावे लागतात. नाही तर गाडी खड्ड्यानंतर उगाच झुलत राहते. हा खर्च वाचवणारे पुष्कळ.

दुसरी फेरी १९८४ मध्ये सुरू झाली. फोर्डच्या लिंकन शाखेने कॉन्टिनेन्टल आणि मार्क सेव्हन या गाड्यांवर पुन्हा हवा आणली. या वेळी यांत्रिक झडपेच्या जागी उंची मोजणारे संवेदक, छोटा संगणक आणि विजेवर चालणारा कॉम्प्रेसर होता. हवा कोरडी करण्याचीही सोय होती. ब्रिटनमध्ये रेंज रोव्हरवर ही व्यवस्था १९९२ मध्ये आली. पाण्याचा प्रश्न बराच सुटला, गणित तर संगणक चोख करू लागला. राहिले ते रबर. दहा-बारा वर्षांत पिशवीच्या घड्यांवर भेगा पडतात. हवा झिरपू लागली की कॉम्प्रेसर थांबेनासा होतो आणि मग तोही जळतो. गाडी तोवर तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने भारी वाटतो. म्हणून या गाड्यांसाठी कॉइल स्प्रिंगांचे तयार संच विकण्याचा एक व्यवसायच उभा राहिला. गंमत अशी की पिशव्या निघाल्या तरी संगणक त्यांना शोधत राहतो आणि इशाऱ्याचा दिवा लावतो. मग त्याची समजूत घालणारे एक छोटे यंत्रही संचासोबत मिळते! हे काम करताना आधी पिशवीतली हवा सोडून गाडी भक्कम ठोकळ्यांवर उभी करावी लागते, कारण पिशवी सुटली की वरचे धूड अचानक खाली येते.

त्याच काळात फ्रान्समध्ये सिट्रोएनने वेगळी तोड काढली होती, तिचा उल्लेख केला पाहिजे. १९५५ च्या डी. एस. गाडीत नायट्रोजन वायू धातूच्या गोळ्यांत पडद्यामागे कायमचा बंद केलेला होता. गाडीची उंची राखण्याचे काम पंपाने ढकललेल्या तेलाकडे होते. स्प्रिंग वायूचीच, पण त्याला सारखे आत-बाहेर करण्याची गरज नाही. ही गाडी वीस वर्षे बनत राहिली.

मग बसमध्ये हवा का टिकली? बसला ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर लागतोच. हवेच्या टाकीत साचलेले पाणी काढून टाकणे हे आगारातले नेहमीचे काम आहे. पिशवी जुनी झाली की ती बदलण्याचे वेळापत्रक असते आणि त्याची नोंद ठेवणारा माणूस असतो. शिवाय रिकाम्या आणि भरलेल्या बसच्या वजनात जो फरक पडतो तो मोटारीत कधी पडत नाही, त्यामुळे हवेचा फायदाही तिथेच सर्वांत मोठा. व्होल्वोच्या बसगाड्या २००१ पासून भारतात धावू लागल्या, त्यांच्याखाली हवाच आहे. मुंबईच्या लोकलला २००७ पासून जे नवे डबे जोडले गेले, त्यांच्याखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. दुपारी निम्मा रिकामा असलेला डबा संध्याकाळी सहाला किती भरतो हे मुंबईकराला सांगायला नको. तरीही डब्याची जमीन फलाटापासून त्याच उंचीवर राहावी लागते.

एल्डोराडो ब्रोम मात्र १९५७-५८ या दोन वर्षांत मिळून ७०४ च बनल्या. आता त्या संग्राहकांकडे आहेत. त्यांतले काही जण वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या कॉइल स्प्रिंगा काढतात आणि नव्या रबराच्या पिशव्या घालून हवा परत भरतात.