न टिकलेल्या हॉटेलाची गोष्ट

कसबा बावड्यात पाहुणा आला की त्याला आधी मिसळ खायला नेतात. पुण्याहून आलेल्या ऑफिसातल्या एका मित्राला मीही नेलं. दुसऱ्यांदा कट मागून घेतल्यावर नाक पुसत त्यानं विचारलं, "कोल्हापुरातलं सगळ्यात जुनं हॉटेल कुठलं रे?"

मी दोन-चार नावं सांगितली. नंतर गाडीवरून जाताना लक्ष्मी-विलास पॅलेस लागला आणि जाणवलं, सांगायला हवं होतं ते नाव राहूनच गेलं. 26 जून 1874 ला शाहू महाराजांचा जन्म झाला तो बावड्यातल्या याच वाड्यात.

जुन्या हॉटेलांचं आपल्याला भारी कौतुक. मुंबईतलं क्यानी 1904 पासून, ब्रिटानिया 1923 पासून. माद्रिदमधलं बोतिन तर 1725 पासून चालू आहे आणि त्याची नोंद गिनीज बुकात आहे. गल्ल्यावर चौथी पिढी, तोच मसाला, तीच चव. पण नुसतं 'किती जुनं?' एवढंच विचारलं, तर दुसरा एक प्रश्न राहून जातो. तेव्हा तिथं आत बसायला कुणाला मिळायचं? शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी हॉटेलांत दलितांना दाराबाहेर उभं राहून, वेगळ्या कपातून चहा प्यावा लागायचा. काही ठिकाणी तेवढाही मिळायचा नाही.

गंगाराम कांबळे हे कोल्हापूर दरबारच्या पागेत नोकरीला होते. जातीनं महार. पागेतल्या सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा गावाबाहेर होते. ते परतल्यावर गंगाराम आणि त्यांची माणसं सोनतळीला जाऊन त्यांना भेटली आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली.

इथवरची गोष्ट एखाद्या न्यायी राजाची म्हणून संपली असती. पण महाराजांनी गंगारामना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्यातून भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान उभं राहिलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक हॉटेल'.

भांडवल मिळालं, जागा भर रस्त्यावर, दुकान स्वच्छ. आमच्या स्टार्टअपच्या भाषेत सगळं जुळलं होतं. फक्त गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

मग महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. भर रस्त्यात गाडी थांबवायची, गंगारामना चहा आणायला सांगायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचा. छत्रपतींनी दिलेला कप नाही कसा म्हणणार? 1919 साली संस्थानात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम निघाले. ते कागदावर होते. भाऊसिंगजी रोडवर तोच हुकूम लोकांच्या डोळ्यांसमोर, कपबशीत होता.

6 मे 1922 ला महाराज गेले. पुढे त्यांचं स्मारक उभारायला गंगाराम कांबळेच पुढे झाले. त्यांचं हॉटेल मात्र आज भाऊसिंगजी रोडवर नाही. 'स्थापना अमुक साली' अशी पाटी नाही, गल्ल्यावर चौथी पिढी नाही, त्यामुळे फूड व्हिडिओही नाही. आपण टिकलेल्यांचीच यादी करतो, आणि टिकणं म्हणजे नुसती चव नव्हे. कुणाच्या हातचं खाल्लेलं समाजाला चालतं, यावरही ते ठरत आलंय. ज्या हॉटेलात पहिलं गिऱ्हाईक यायला राजाला गाडी थांबवावी लागली, त्याची शर्यत बाकीच्यांशी बरोबरीची नव्हतीच.

तसं ते हॉटेल संपलं, असंही म्हणवत नाही. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी लोकांना सांगितलं की तुमचा खरा पुढारी तुम्हाला मिळाला. ते डॉ. आंबेडकर. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं राज्यघटनेचा मसुदा केला. घटनेच्या 15 व्या अनुच्छेदात समतेच्या मोठ्या तत्त्वाशेजारी दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे. तिथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. घटनेत हॉटेल कशाला, असं मला कॉलेजात वाटायचं. गंगारामांची गोष्ट कळल्यावर वाटेनासं झालं.

अमेरिकेत ग्रीन्सबरो गावात 1 फेब्रुवारी 1960 ला चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. तो काउंटर फक्त गोऱ्यांसाठी होता. त्यांना कुणी वाढलं नाही, तरी ते उठले नाहीत. ते दुकान कधीच बंद पडलं, पण काउंटर जपून ठेवलाय. तिथं आता संग्रहालय आहे.

मित्र पुण्याला परत निघाला तेव्हा मी गाडी भाऊसिंगजी रोडवरून घेतली. एका टपरीवर थांबलो. "इथं कशाला? स्टँडवर मिळेल की चहा," तो म्हणाला.

"इथलाच घेऊया," म्हटलं. चहावाल्यानं आमची जात विचारली नाही. आम्हीही त्याची विचारली नाही.