ज्याचं जळतं, त्यालाच कळतं? अनुभव आणि सिद्धांताचा 'गुरू-सरुक्काई वाद' नेमका काय आहे

जातीवरच्या एखाद्या पोस्टखाली कमेंट्स वाढू लागल्या की एक वाक्य हमखास येतं: 'तुम्ही हे भोगलेलं नाही, तुम्हाला काय कळणार?' समोरून येणारं उत्तरही ठरलेलं असतं: 'मग आम्ही बोलायचंच नाही का?' यानंतर सहसा ब्लॉक करण्याची वेळ येते आणि प्रश्न तिथेच राहतो.

हाच प्रश्न भारतातल्या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षं चिकाटीने लढवला. एक, राजकीय विचारवंत गोपाळ गुरू. त्यांनी पुणे विद्यापीठात आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं. दुसरे, भौतिकशास्त्रातून तत्त्वज्ञानाकडे आलेले सुंदर सरुक्काई. दोघांनी एकमेकांना उत्तरं देत लिहिलेले लेख २०१२ मध्ये 'द क्रॅक्ड मिरर' या पुस्तकात एकत्र आले. नावाचा अर्थ, तडा गेलेला आरसा. भारतीय तत्त्वज्ञान म्हटलं की अनेकांना वेद-उपनिषदं किंवा षड्दर्शनंच आठवतात. आजच्या भारतीय समाजातून उभं राहिलेलं तत्त्वज्ञान कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर या वादाकडे बघावं लागतं.

ठिणगी पडली २००२ मध्ये

मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' या साप्ताहिकात गुरूंचा एक लेख आला. भारतातली सामाजिक शास्त्रं स्वतः कितपत समतावादी आहेत, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे वर्गात, परिषदेत, पुस्तकांत विषमतेवर तासन्‌तास बोलणारी ही मंडळी आपल्या घरात कशी वागतात?

गुरूंचं उत्तर बोचरं होतं. ज्ञानाच्या या क्षेत्रातही वर्णव्यवस्था आहे, असं ते म्हणाले. एका बाजूला सिद्धांत मांडणारे मूठभर 'ब्राह्मण' आणि दुसऱ्या बाजूला माहिती, आकडे, नोंदी गोळा करणारे बहुसंख्य 'शूद्र'.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते समजायला फार लांब जायला नको. समजा, एखादा दलित विद्यार्थी पीएचडीसाठी विद्यापीठात आला. त्याला न्याय म्हणजे काय, स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर लिहायचंय. पण त्याला सुचवलं जातं की तू तुझ्या वस्तीवर काम कर, एखाद्या सरकारी योजनेचा सर्व्हे कर, तुझ्याकडे अनुभव आहे ना! सल्ला वरकरणी चांगला वाटतो. पण त्याने आणलेल्या माहितीवर 'न्याय म्हणजे काय' हे ठरवण्याचं काम दुसराच कुणी करतो. कच्चा माल एकाकडून, पक्का माल दुसऱ्याच्या नावावर.

इथे थांबले असते तर गुरूंचा लेख तक्रारीचा लेख ठरला असता. पण त्यांनी दलित समाजातल्या शिकलेल्या वर्गालाही सोडलं नाही. सिद्धांत हे आपलं काम नाही, आपल्याकडे अनुभव आहे, कविता आहे, तेवढं पुरे, ही भूमिका त्यांना मान्य नव्हती. कविता प्रतिमांमधून जोडते, सिद्धांत संकल्पनांमधून, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

महाराष्ट्रात हे वाक्य जरा जास्तच टोचणारं. इथल्या दलित चळवळीची ओळखच साहित्याशी घट्ट बांधलेली आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली तीच नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार अशा लेखक-कवींनी. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला, १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं', आणि त्यानंतर आत्मकथनांची रांगच लागली. या लेखनाने मराठी साहित्याचा नकाशा बदलला, हे कुणीच नाकारत नाही. गुरूही नाकारत नाहीत. त्यांचा मुद्दा पुढचा आहे: हे वाचून वाचक हळहळतो, पण विचार करण्याची चौकट मात्र जुनीच राहते.

शब्द नसेल तर अन्यायही सांगता येत नाही

सिद्धांत, संकल्पना या गोष्टी प्राध्यापकांच्या चैनीच्या वाटतात. पोटाला चिमटा बसलेल्याला त्याचं काय, असं कुणालाही वाटेल. यावर अमेरिकेतलं एक उदाहरण उपयोगी पडतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायावर २००७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ते सविस्तर येतं.

कार्मिटा वुड ही महिला कॉर्नेल विद्यापीठात नोकरी करत होती. तिथल्या एका प्राध्यापकाच्या वागण्याचा तिला इतका त्रास झाला की तिने नोकरी सोडली. बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करताना नोकरी का सोडली, हे लिहायची वेळ आली आणि तिला शब्दच सापडेना. शेवटी तिने 'वैयक्तिक कारण' सांगितलं. भत्ता नाकारला गेला. १९७५ मध्ये तिच्यासाठी एकत्र आलेल्या बायकांनी या प्रकाराला नाव शोधलं: लैंगिक छळ. आज हा शब्द कायद्यात आहे, ऑफिसच्या भिंतीवरच्या पोस्टरवर आहे. तेव्हा त्रास होता, पण त्याला नाव नव्हतं.

या प्रकरणाचा गुरूंच्या लेखाशी थेट संबंध नाही. पण भोगणाऱ्याच्या हातात संकल्पना घडवण्याची ताकद का हवी, हे त्यातून लख्ख दिसतं.

मालक आणि लेखक

गुरूंच्या लेखाला सरुक्काईंनी २००७ मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं. त्यांनी 'गुरू बरोबर की चूक' असा निकाल दिला नाही. आधी 'अनुभव' या शब्दाचीच चिरफाड केली.

एखादा संशोधक झोपडपट्टीत सहा महिने राहिला. तिथलंच खाल्लं, तिथल्याच नळाला रांग लावली. मग त्याला तिथल्या माणसासारखा अनुभव आला का? सरुक्काईंच्या मांडणीनुसार, नाही. कारण त्याला तिथे जायचं की नाही हे ठरवता आलं, हवं तेव्हा उठून निघता येतं आणि किती सोसायचं तेही बऱ्यापैकी त्याच्याच हातात असतं. ज्याला 'जगलेला अनुभव' म्हणायचं, त्यात हे तिन्ही पर्याय नसतात. ती परिस्थिती तुम्ही निवडलेली नसते आणि तुम्हाला तिच्यातून बाहेर पडता येत नाही. म्हणजे फरक किती हाल झाले यात नाही, तर दार उघडं होतं की नव्हतं, यात आहे.

सोशल मीडियावरचे निम्मे वाद या एका कसोटीने तरी सरळ व्हावेत. 'मीही गरिबी पाहिली आहे', 'माझे खूप दलित मित्र आहेत' या वाक्यांमध्ये नेमकं काय निसटतं, ते इथे कळतं.

याला जोडूनच त्यांनी आणखी एक भेद केला. अनुभवाचा मालक वेगळा आणि लेखक वेगळा. कादंबरीकार पात्राचा अनुभव रचतो, तो लेखक. पण ज्याच्या अंगावर तो अनुभव येतो, तो मालक. सिद्धांतवाले स्वतःला लेखक समजतात. मग मालकाला न विचारता, त्याच्याबद्दल कसलीही जबाबदारी न घेता त्याच्या अनुभवावर लिहिता येईल का? गुरूंचा नैतिक आक्षेप सरुक्काईंनी या भाषेत पुन्हा मांडला.

सोवळ्यातला माणूस

या वादातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग स्पर्शावरचा आहे. अस्पृश्यतेवर लाखो पानं लिहिली गेली, पण मुळात 'स्पर्श' म्हणजे काय, असं सरुक्काई विचारतात. बघताना मी तुम्हाला बघतो आणि तुमचं माझ्याकडे लक्षही नसू शकतं. स्पर्शाचं तसं नाही. मी तुम्हाला हात लावला की तुमचाही मला स्पर्श होतोच.

म्हणूनच अस्पृश्यता एकाच बाजूला चिकटलेली असू शकत नाही. जो दुसऱ्याला शिवत नाही, तोही अस्पर्शित राहतो. मराठी घरांत हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सोवळं नेसलेल्या आजीला पूजा होईपर्यंत नातवंडांनीही शिवायचं नसतं. सरुक्काईंचं म्हणणं असं की 'कुणीही शिवू नये' ही अट आधी ब्राह्मणाने स्वतःवर लादून घेतलेली आहे. पण तिचं ओझं, तिची लाज आणि शिक्षा मात्र दुसऱ्या माणसांच्या अंगावर कायमची टाकली गेली. आजीचं सोवळं तासाभराने सुटतं, त्यांचं सुटत नाही. उघडं दार आणि बंद दार, तोच फरक पुन्हा इथे.

गुरूंनी यावर स्वतंत्र लेख लिहून उत्तर दिलं. अस्पृश्यता शोधायची तर उत्खनन करावं लागतं, अशी त्यांची दिशा आहे. कारण आधुनिक जगण्यात ती वरच्या थरात दिसत नाही, खाली दडून बसते. फ्लॅट भाड्याने देताना विचारलं जाणारं 'व्हेज की नॉनव्हेज?' हे त्याचं ओळखीचं उदाहरण म्हणता येईल.

मग इतरांनी गप्प बसायचं का?

गुरूंवर सर्रास होणारा आरोप हाच. पण तो त्यांच्या मांडणीवर नीट बसत नाही. दलितांनी फक्त दलितांवर लिहावं, असं ते म्हणत असते तर त्यांचं भांडण उलटं झालं असतं. ज्या चौकटीत कोंडलं, तिलाच कुंपण घातल्यासारखं. त्यांची मागणी आहे की दलित अभ्यासकाने सगळ्यांसाठी सिद्धांत मांडावा आणि तो सगळ्यांचा म्हणून वाचला जावा. डॉ. आंबेडकरांनी हेच केलं होतं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचणाऱ्या याच माणसाचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक १९२३ मध्ये आलं. चलनव्यवस्थेवर लिहिताना 'तुमचा अनुभव सांगा' असं कुणी म्हणत नाही.

उलट बाजूने येणाऱ्यांसाठीचं उत्तर पुण्यातून आलं, तेही या वादाच्या आधी. गुरूंनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांना वेगळं का बोलावं लागतं, यावर लेख लिहिला होता. सवर्ण स्त्रीवादी त्यांना गृहीत धरतात आणि दलित पुरुष नेतृत्व त्यांना मागे ठेवतं, असा दुहेरी आरोप त्यात होता. त्यावर समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये लिहिलं. 'त्यांचं वेगळं आहे, ते बोलतील' असं म्हणून बाजूला होणं ही बिगरदलित स्त्रीवाद्यांची सोयीस्कर पळवाट आहे, असं त्यांनी सुनावलं. दलित स्त्रियांच्या वतीने बोलायचं नाही, त्यांच्या जागी उभं असल्याचा आव आणायचा नाही, पण त्यांच्या जागेवरून जग कसं दिसतं ते शिकून स्वतःला बदलायचं. गप्प बसण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. रेगे यांनी ते वर्गात आणि अभ्यासक्रमात करून पाहिलं. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्षभरातच हा प्रश्न विद्यापीठाबाहेर पेटला. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आंबेडकरांचं भाषण रद्द केलं आणि त्यांनी ते स्वतः छापलं. त्याच 'जातिनिर्मूलना'ची नवी इंग्रजी आवृत्ती २०१४ मध्ये 'नवयान'ने अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह काढली. अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला: आंबेडकरांना वाचायला रॉय यांचं दार का लागतं, आणि त्या प्रस्तावनेत गांधींना एवढी जागा कशाला? रॉय यांच्या बाजूनेही लिहिलं गेलं. कोण लिहितं यासोबत कोण छापतं, कुणाच्या नावावर पुस्तक खपतं, हेही त्यातून चर्चेत आलं.

गुरू आणि सरुक्काई यांचं दुसरं संयुक्त पुस्तक २०१९ मध्ये आलं. रोजच्या जगण्यात 'समाज' आपल्याला जाणवतो तरी कसा, हा त्याचा विषय. त्याच्या आदल्या वर्षी गुरू 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चे संपादक झाले होते, म्हणजे सामाजिक शास्त्रांवरचा तो बोचरा लेख ज्या साप्ताहिकात आला, त्याचेच.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. 'बलुतं' मराठीत लिहिलं गेलं आणि २०१५ मध्ये जेरी पिंटो यांच्या अनुवादातून इंग्रजीत गेलं. त्या अनुभवांवर बोलायचा अधिकार कुणाचा, हा वाद मात्र मुळातच इंग्रजीत झाला.