सहज प्रमेह ते कृश-मेदस्वी बालक

नागपूरच्या प्रताप नगरात काय किंवा पुण्याच्या पेठेत काय, मधुमेह घराण्यातून उतरतो ही समजूत दृढ असून तिची मुळे फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या व्याधीचे, ‘सहज’, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला, आणि ‘अपथ्यनिमित्तज’, म्हणजे आहारविहारातून ओढवलेला, असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रोगी कृश आणि दुसऱ्यातील स्थूल असतो, असेही नोंदवले आहे. मात्र हे भेद आजच्या वर्गीकरणाशी तंतोतंत जुळवणे घाईचे ठरेल.

आधुनिक काळात मधुमेहाच्या वारशाच्या या प्रश्नाला एक मोलाचे वळण महाराष्ट्रातच मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अभ्यास सुरू केला, तेव्हा सरासरी सुमारे 2.7 किलो वजनाची तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून बरीच लहान असूनही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून असल्याचे, म्हणजे मुख्यतः स्नायू आणि अवयवच लहान राहिल्याचे दिसले; हेच ते ‘कृश-मेदस्वी’ बालक. पुढे याच मुलांत, गरोदरपणी आईच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असल्यास, सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध, म्हणजे इन्सुलिनला पेशींनी दिलेला अपुरा प्रतिसाद, अधिक आढळला. टीसीएफ7एल2 या जनुकातील मधुमेहाचा धोका वाढवणारे भेद पुण्यातील मधुमेही रुग्णांतही सापडले, तरी वारसा म्हणजे केवळ जनुके नव्हेत; मातेच्या ताटातील उणीवही त्यात मोडते.