डॉल्गेथ्लायचं जाडंभरडं कापड

आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. आजोबांचा खड्डेमाग होता. घोंगडं मागावरून उतरलं की त्याला चिंचोक्याची खळ द्यायचं काम आजीचं. म्हणूनच वेल्समधल्या डॉल्गेथ्लायला गेले तेव्हा सगळे ८९३ मीटर उंच काडर इद्रिसच्या डोंगराकडे बघत होते आणि मी आरान नदीच्या काठाने चालत होते. या पाण्यावर इथलं लोकरीचं कापड घट्ट व्हायचं.

बाजाराचं गाव, सगळं काळसर करड्या दगडाचं. चिरे एवढे मोठे की एकेका घराच्या भिंतीत ते मोजता येतात. व्नियन नदीवरचा पूल १६३८ चा. जतन केलेल्या इमारती दोनशेच्या वर. पण हे गाव मोठं केलं ते आसपासच्या शेतघरांतल्या मागांनी. मेंढ्या घरच्या, कातणं-विणणं घरात. विणलेलं कापड मग 'पँडी'त जायचं. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे ते ओलं कापड तासन्‌तास कुटायचे. वीण आटायची, दाट व्हायची. आमच्या खळीनं घोंगडं ताठ होतं, इथे कुटून कुटून वारा अडायचा. दोन्हीकडे धडपड एकच, थंडी-पावसाला आत येऊ द्यायचं नाही.

श्रूजबरीचे कापडवाले हा माल घ्यायचे. अठराव्या शतकात व्यापारी थेट इथे येऊ लागले, बार्मथ बंदरातून गठ्ठे जहाजावर चढू लागले. आणि इथेच माझा पाय अडखळतो. हे न रंगवलेलं, पांढरं, जाडंभरडं कापड मोठ्या प्रमाणावर वेस्ट इंडीजमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जायचं. मळेवाले ते वर्षाकाठी मोजून वाटायचे. स्वस्त आणि टिकाऊ, एवढंच त्यांना हवं होतं.

विणणाऱ्या घरांचा मला राग येत नाही. हिवाळ्याच्या रात्री बोटं झिजवून त्यांनी घरभाडं भरलं, पोरं जगवली. मागावर बसलेल्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही, हे मी घरात पाहिलंय. पण नुसतं कष्टाचं कौतुक करून मला तिथून निघता येईना.

पुढे ब्रिटिश वसाहतींत १८३४ मध्ये गुलामगिरी बंदीचा कायदा लागू झाला, कारखान्यांच्या मागांपुढे घरचे माग टिकले नाहीत, आणि हा धंदा संपत गेला.

त्या कापडाचं नाव मात्र भलत्याच ठिकाणी उरलं. दक्षिण कॅरोलिनातल्या जुन्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती आहेत. वय, उंची, अंगावरच्या खुणा. आणि ओळख पटावी म्हणून अंगातले कपडे कशाचे, तेही: वेल्श प्लेन्स.